शंका-समाधान : वेल्सचे १२८२ साल

गेल्या अंकात आम्ही वेल्सच्या इतिहासातल्या एकाच वर्षाबद्दल लिहिले होते. घटनाक्रम थोडक्यात असा : मार्च १२८२ मध्ये दाविद आप ग्रिफिद याने हार्डनच्या किल्ल्यावर हल्ला केला आणि इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्याशी युद्ध पेटले. दाविदचा थोरला भाऊ ल्हवेलिन हा वेल्सचा प्रिन्स. तो डिसेंबरात मारला गेला. पुढच्या वर्षी उत्तर वेल्समधले ग्विनेदचे राज्यच संपले. या लेखावर बरीच पत्रे आली. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न : हार्डनचा हल्ला तुम्ही २१ मार्च १२८२ चा म्हणता. जुन्या कागदांच्या एका संग्रहात तो १२८१ चा दाखवला आहे. खरे काय?

दोन्ही खरे आहे, आणि या काळाचा अभ्यास करणारा प्रत्येक जण इथे एकदा तरी ठेचकाळतो. त्या काळी इंग्लंडच्या राजदरबारातले नवे वर्ष १ जानेवारीला नव्हे, तर २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे १ जानेवारी ते २४ मार्च या काळात घडलेली गोष्ट तेव्हाच्या कारकुनाच्या लेखी आदल्या सालात जमा. हार्डनवर छापा पडला तो शनिवार, २१ मार्चच्या रात्री. कारकुनाच्या हिशेबाने साल १२८१. ती बातमी एडवर्डला डिवायझेस इथे मिळाली आणि २५ मार्चला सेनापतींच्या नेमणुकांचे हुकूम सुटले, तेव्हा साल १२८२ झालेले होते. चार दिवसांचे अंतर आणि दोन साले! काही मठांच्या नोंदी तर नाताळपासून वर्ष मोजतात, म्हणजे गोंधळात आणखी भर.

यातून सुटायचा भरवशाचा मार्ग म्हणजे राज्यवर्ष, म्हणजे राजाच्या कारकिर्दीचे कितवे वर्ष ते. एडवर्डची राज्यवर्षे २० नोव्हेंबर १२७२ पासून मोजली जातात. कागदावर जे राज्यवर्ष दिले असेल त्यात १२७१ मिळवा. येणाऱ्या सालातल्या २० नोव्हेंबरला ते राज्यवर्ष सुरू होते. तारीख २० नोव्हेंबर ते ३१ डिसेंबर या दरम्यानची असेल तर तेच साल धरायचे. १ जानेवारी ते १९ नोव्हेंबरमधली असेल तर त्यात एक वाढवायचा. उदाहरणार्थ, राज्यवर्ष १० आणि महिना मार्च. १० अधिक १२७१ म्हणजे १२८१, मार्च असल्याने एक वाढवून १२८२. आता राज्यवर्ष ११ आणि महिना डिसेंबर. बेरीज १२८२, आणि इथे काही वाढवायचे नाही. चूक होते ती इथेच. युद्धाचे सगळे वर्ष ‘राज्यवर्ष १०’ खाली मिळेल असे गृहीत धरून लोक शोधतात आणि ल्हवेलिनच्या मृत्यूचे कागद त्यांच्या हाती लागत नाहीत, कारण ते अकराव्यात असतात.

वार पडताळून पाहायचा असेल तर ईस्टरचा आधार घ्यावा. १२८२ चा ईस्टर २९ मार्चला होता. म्हणजे त्याआधीचा झावळ्यांचा रविवार २२ मार्चला. तिथून ११ डिसेंबर २६४ दिवसांवर. २६४ ला ७ ने भागले की बाकी ५. रविवारपासून पाच वार पुढे मोजले की शुक्रवार. वेल्श इतिवृत्त ल्हवेलिनच्या मृत्यूचा दिवस सांगताना तीन खुणा देते : पोप डमासस यांचा सणदिवस, नाताळच्या बरोबर पंधरवडाभर आधी, आणि वार शुक्रवार. तिन्ही खुणा ११ डिसेंबरवरच येऊन जुळतात. नक्कल करताना आकडा चुकू शकतो, पण सण, अंतर आणि वार हे तिन्ही एकदम चुकणे कठीण. म्हणून जुन्या नोंदीत नुसता सालाचा आकडा असेल तर त्यावर फार विसंबू नये. सण आणि वार दिलेला असेल तर आधी तो तपासावा.

आणखी एक बारीक गोष्ट. या तारखा ज्युलियन पंचांगातल्या आहेत. आजच्या ग्रेगोरियन पंचांगात आणायच्या तर तेराव्या शतकासाठी सात दिवस मिळवावे लागतात. इतिहासाच्या लिखाणात तसे करण्याची पद्धत नाही. पण ऋतुमान किंवा दिवसाची लांबी यांचा विचार करताना ११ डिसेंबर म्हणजे आजचा १८ डिसेंबर, हे लक्षात असू द्यावे. वर्षातला जवळजवळ सर्वांत लहान दिवस. त्या दिवशीच्या लढाईबद्दल ‘संध्याकाळ होत आली होती’ असे वाचले, तर दुपारचे साडेतीन-चार डोळ्यांपुढे आणा.

प्रश्न : ‘ल्हवेलिन’ हे लेखन विचित्र वाटते. इतरत्र ‘लेवेलिन’ वाचले आहे.

‘लेवेलिन’ हे इंग्रजी जिभेवरचे रूप. वेल्शमध्ये जोड-एलचा स्वतंत्र उच्चार आहे. ‘ल’साठी जीभ टाळ्याला लावायची आणि घशातून आवाज न काढता नुसती हवा दोन्ही बाजूंनी सोडायची. आपल्या ‘कोल्हा’तला ‘ल्ह’ हुबेहूब तसा नाही, पण साध्या ‘ल’पेक्षा फार जवळचा आहे. तसेच ‘ऱ्हिद्लान’ या गावाच्या नावातल्या आरंभीच्या ध्वनीसाठी ‘ऱ्ह’ हे आपले अक्षर आयतेच उपयोगी पडते. मराठीला जमणारी गोष्ट इंग्रजीच्या आडवाटेने जाऊन का गमवावी? ‘आप’ म्हणजे अमक्याचा मुलगा आणि ‘वेर्ख’ म्हणजे अमक्याची मुलगी. आडनावे नव्हती. त्यामुळे ‘आप ग्रिफिद’ हे घराण्याचे नाव समजून एकाच यादीत लावले तर परस्परांशी संबंध नसलेले दहा जण भाऊ होऊन बसतात.

प्रश्न : दाविद १२७७ च्या युद्धात एडवर्डच्या बाजूने लढला होता ना? मग पाच वर्षांत तोच बंड कसा करतो?

नुसता लढलाच नव्हता. त्याआधी १२७४ मध्ये भावाला मारण्याच्या कटातही तो सामील होता. १२७७ ला ल्हवेलिन हरला. आबेरकॉनवीच्या तहाने त्याच्याकडे कॉनवी नदीच्या पश्चिमेकडचे ग्विनेद तेवढे उरले. दाविदला बक्षीस म्हणून नदीच्या पूर्वेकडचे दोन मुलूख आणि होपचा किल्ला मिळाला. त्याची अपेक्षा मात्र वडिलांच्या राज्यातल्या वाट्याची होती.

त्यानंतर त्याला जे जाचले ते तलवारीपेक्षा कोर्टाचे होते. होपच्या जमिनीवर एका इंग्लिश सरदाराने चेस्टरच्या न्यायालयात दावा लावला. आपली जमीन वेल्समध्ये आहे, तिचा निवाडा वेल्श कायद्याने व्हावा, हे दाविदचे म्हणणे. पण त्याला इंग्लिश कोर्टापुढे उभे राहावे लागले. नोव्हेंबर १२८१ पासून चेस्टरचा न्यायाधिकारी म्हणून रेजिनाल्ड डी ग्रे आला आणि जाच वाढला. जंगलतोडीसारख्या तक्रारी पुढे कँटरबरीचे आर्चबिशप जॉन पेकम यांच्याकडे लेखी गेल्या, त्या आजही वाचायला मिळतात. ल्हवेलिनचेही दुखणे तेच होते. आरवस्तली या मुलखावरचा त्याचा दावा १२७८ पासून लटकलेला. तहात कलम होते की वाद ज्या मुलखात उपजेल तिथल्या कायद्याने तो मिटवावा. आरवस्तली वेल्श कायद्यात बसते की सरहद्दीच्या रिवाजात, यावरच चार वर्षे गेली. त्या कलमाचा अर्थ कोण लावणार हे तहात स्पष्ट असते, तर निदान एवढे चिघळले नसते असे आमचे मत आहे.

पहिल्या छाप्याची बातमी ल्हवेलिनला आधी होती का, यावर अभ्यासकांत एकमत नाही. आपल्याला माहीत नव्हते असे त्याने आर्चबिशपला कळवले होते. पण हार्डनपाठोपाठ ऑस्वेस्ट्री आणि २४ मार्चला थेट पश्चिम किनाऱ्यावरचे आबेरिस्टविथ हल्ल्यात सापडले. तिथल्या अधिकाऱ्याला तर जेवायला बोलावून पकडले. इतक्या दूरदूरच्या जागी चार दिवसांत उठाव होतो, म्हणजे आधी बोलणी झालेली होती हे उघड आहे. ती ल्हवेलिनशी झाली होती की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

प्रश्न : तहातल्या रकमा कधी मार्कात, कधी पौंडात. एका मार्काचे किती?

एक पौंड म्हणजे २० शिलिंग, एक शिलिंग म्हणजे १२ पेनी. म्हणजे पौंडाच्या २४० पेनी. मार्क म्हणजे १६० पेनी, अर्थात १३ शिलिंग ४ पेनी, पौंडाचे दोन तृतीयांश. मार्क नावाचे नाणे नव्हते, तसे पौंडाचे किंवा शिलिंगचेही नव्हते. हे सगळे हिशेबाचे एकक. हातात यायची ती चांदीची पेनी, वजन सुमारे १.४४ ग्रॅम.

१२६७ च्या माँटगोमेरीच्या तहात एडवर्डच्या वडिलांनी ल्हवेलिनला ‘वेल्सचा प्रिन्स’ म्हणून मान्यता दिली. त्याची किंमत ठरली २५,००० मार्क. पौंडात १६,६६६ पौंड १३ शिलिंग ४ पेनी. पेनीत मोजले तर बरोबर ४० लाख नाणी, म्हणजे साडेपाच टनांहून जास्त चांदी. पहिल्या मोठ्या रकमांनंतर वर्षाला ३,००० मार्कांचा, म्हणजे २,००० पौंडांचा हप्ता होता. डोंगराळ, गुराढोरांवर जगणाऱ्या मुलखातून दरवर्षी इतकी रोकड काढायची तर प्रजेवर दाब टाकावा लागतो. आपल्याच लोकांत ल्हवेलिनबद्दल नाराजी का होती, याचे एक कारण या हप्त्यांत आहे. हप्ते थकल्यावर तो म्हणत राहिला की राजाने त्याची बाजू पाळली तर पैसे तयार आहेत.

१२७७ च्या तहातले ५०,००० पौंडांचे दंडकलम वाचून काही वाचक थक्क झाले. ती रक्कम वसूल करायची नव्हतीच. तह होताच राजाने ती माफ केली. शिक्षा किती मोठी देता येते ते दाखवायचे आणि मग सोडून द्यायचे, ही त्या काळची रीतच होती. आकडा खरा, वसुली शून्य. तहाचा मजकूर वाचताना पाठोपाठचे माफीचे पत्रही वाचले नाही तर पुरता गैरसमज होतो.

प्रश्न : मेनाईच्या सामुद्रधुनीवर बांधलेला होड्यांचा पूल नेमका कसा होता आणि तो का फसला?

आधी तो हवाच का होता ते पाहू. ग्विनेदचे धान्य पिकायचे अँगलसी बेटावर, आणि बेट व डोंगर यांच्यामध्ये मेनाईची सामुद्रधुनी. एडवर्डने १२७७ मध्ये हे बेट घेऊन तिथले पीक कापून नेले होते. डोंगरात बसलेल्या सैन्याची भाकरीच तोडायची, असा तो डाव. १२८२ मध्ये तोच डाव पुन्हा टाकला, पण एक पायरी पुढे जाऊन. लूक डी तानी या सेनापतीने जहाजांच्या मदतीने बेट घेतले. तिथून मुख्य भूमीवर होड्यांचा पूल टाकायचा. राजा पूर्वेकडून कॉनवी ओलांडेल तेव्हाच तानीने पश्चिमेकडून उतरायचे, म्हणजे स्नोडोनिया, ग्विनेदचा डोंगराळ गाभा, दोन्हीकडून कात्रीत सापडेल.

पुलाची जागा परंपरेने मोएल-ई-डॉन इथे दाखवतात. काही अभ्यासक ती बँगरच्या बाजूला धरतात. रचनेचे तत्त्व साधे असते. होड्या प्रवाहाच्या दिशेने तोंड करून ओळीने नांगरायच्या, त्यांवर आडव्या तुळया आणि तुळयांवर फळ्या ठोकायच्या. संथ नदीत हे काम सोपे. मेनाईत तीन गोष्टी आडव्या येतात. पहिली, इथे भरतीचे पाणी दोन्ही तोंडांनी आत शिरते आणि दोन्हीकडच्या वेळा जुळत नाहीत, त्यामुळे प्रवाहाची दिशा बदलत राहते. होडी एकाच नांगरावर असेल तर ती फिरते आणि फळ्या निसटतात. पुढून आणि मागून दोन्हीकडे नांगर लागतो. दुसरी, उधाणाच्या भरतीला सामुद्रधुनीच्या पूर्वेकडच्या भागात पाणी सहा-सात मीटर चढते-उतरते. पूल पाण्याबरोबर वरखाली होतो, काठ मात्र जागच्या जागी राहतो. तिसरी आणि सर्वांत घातक गोष्ट म्हणजे सपाट, वाळूचा किनारा. ओहोटीला पुलाचे टोक कोरड्या वाळूवर टेकते आणि माणसे चालत उतरतात. भरतीला पाण्याची कड कितीतरी आत सरकते आणि तेच टोक काठापासून तुटून खोल पाण्यात तरंगू लागते. टोकाला लांब, हलता उतरणीचा सांगाडा नसेल, तर असा पूल दिवसातले काही तासच पूल असतो.

६ नोव्हेंबरच्या शुक्रवारी तानी राजाची वाट न पाहता पार गेला. त्या वेळी आर्चबिशप जॉन पेकम दोन्ही बाजूंमध्ये तडजोडीची बोलणी करत होते, त्यामुळे वेल्श बाजूने हा विश्वासघातच ठरला. इंग्लिश तुकडी डोंगराच्या पायथ्यापर्यंत पोचली, वरून वेल्श सैनिक उतरले आणि माघार घेणाऱ्यांना किनाऱ्यावर गाठले. एका इतिवृत्तानुसार तोवर भरती चढली होती आणि पाणी खोल झाल्यामुळे पुलाच्या टोकापर्यंत पोचताच येईना. दुसरीकडे गर्दीच्या भाराने पूल मोडल्याचे म्हटले आहे. या दोन्हींत विरोध असलाच पाहिजे असे नाही. टोक तुटलेल्या पुलावर घाबरलेली माणसे एकाच बाजूने चढू लागली तर तो कलंडणारच. साखळ्यांच्या चिलखताचे वजन दहा-पंधरा किलो, त्यात आतले कापसाने भरलेले कपडे पाणी पितात. पोहणे विसराच. तानी बुडाला. हार्डनला कैद झालेल्या रॉजर क्लिफर्डचा त्याच नावाचा मुलगाही इथे गेला. विल्यम लॅटिमर मात्र घोड्यामुळे वाचला. घोडा पोहत त्याला पलीकडे घेऊन गेला.

प्रश्न : एवढ्या नामुष्कीनंतरही एडवर्डच जिंकला. त्याच्याकडे सैन्य जास्त होते म्हणून?

माणसे नव्हे, पगार. सरंजामी सेवेचा शिरस्ता होता ४० दिवसांचा. त्यानंतर शेतीवाडीची ओढ लागून फौज विरघळते. वेल्श राजपुत्रांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे धोरण यावरच उभे होते : डोंगरात मागे सरा, पावसाळी शरद येऊ द्या, शत्रू आपोआप परततो. १२८२ मध्ये शत्रू परतला नाही. तो ऱ्हिद्लानला तळ ठोकून हिवाळाभर राहिला.

पायदळाचा रोजचा दर माणशी २ पेनी. वीस जणांमागे एक नाईक, त्याला ४ पेनी. शंभरांमागे घोड्यावरचा एक अधिकारी, त्याला १ शिलिंग. हजार पायदळाचा हिशेब मांडून पाहा. नाईक ५०, त्यांचे २०० पेनी. उरलेल्या ९५० चे १,९०० पेनी. दहा अधिकाऱ्यांचे १२० पेनी. एकूण २,२२० पेनी, म्हणजे रोजचे ९ पौंड ५ शिलिंग. तीस दिवसांचे २७७ पौंड १० शिलिंग. नाण्यांत मोजले तर ६६,६०० पेनी, वजन ९६ किलोच्या आसपास. हे फक्त हजार पायदळाचे. स्वार, धनुर्धारी, फ्रान्समधल्या गॅस्कनीहून आणलेले क्रॉसबोवाले, खलाशी, सुतार, रस्ता मोकळा करणारे लाकूडतोडे, सगळे याच्या वर. आणि ही चांदी पेट्यांत भरून, पहाऱ्यात, वेळेवर तळावर पोचायला हवी. पगार आठवडाभर लांबला की माणसे पळू लागतात.

पैसा आला कुठून? आधी उसनवारी. इटलीतल्या लुक्का शहरच्या रिकार्डी सावकारांनी रोकड पुरवली. मग जानेवारी १२८३ मध्ये यॉर्क आणि नॉर्थॅम्प्टन इथे सभा बोलावून जंगम मालमत्तेच्या तिसाव्या भागाचा कर मंजूर करून घेतला. सगळा खर्च लाख पौंडांच्या वर गेला. ज्या राज्याला वर्षाला २,००० पौंडांचा हप्ता झेपत नव्हता, त्याच्याविरुद्ध! ‘एडवर्डच्या इंग्लिश फौजेने वेल्स जिंकले’ असे सरसकट लिहितात, तेही तपासून घ्यावे. त्याच्या पायदळात दक्षिण आणि पूर्वेकडच्या वेल्श माणसांचा भरणा मोठा होता. २ पेनी त्यांनाही मिळत.

ल्हवेलिनची बाजू सगळीकडे पडती होती असेही नाही. जूनमध्ये ल्हांडेलो इथे ग्लॉस्टरच्या अर्लची फौज कापली गेली. त्यात राजाचा आप्त विल्यम डी व्हॅलेन्स याचा मुलगा मारला गेला आणि दक्षिणेची आघाडी अर्लकडून काढून त्या बापाकडे दिली.

प्रश्न : पेकमच्या तडजोडीत ल्हवेलिनला काय देऊ केले होते?

इंग्लंडमध्ये वर्षाला १,००० पौंड उत्पन्नाची जमीन आणि अर्लचा मान. बदल्यात स्नोडोनिया राजाला द्यायचा. दाविदने क्रूसेडवर, म्हणजे धर्मयुद्धावर, पवित्र भूमीकडे निघून जायचे आणि राजाने बोलावल्याशिवाय परतायचे नाही. नकाराचे उत्तर ११ नोव्हेंबरला ल्हवेलिनच्या गार्थ केलिन इथल्या वाड्यातून गेले. त्यात स्नोडोनियाच्या लोकांचे म्हणणे वेगळे मांडलेले आहे : प्रिन्सने जरी आम्हाला राजाच्या हवाली केले, तरी ज्याची भाषा, रीत आणि कायदे आम्हाला परके आहेत त्यापुढे आम्ही मान तुकवणार नाही. १२८२ मधला एकच कागद वाचायला वेळ असेल तर हा वाचावा.

प्रश्न : ल्हवेलिनला कोणी मारले? पुलावर मारले की रानात? आणि त्याचे धड कुठे आहे?

जागा मोघम का होईना, ठरलेली आहे. मध्य वेल्समध्ये बिल्थजवळ, इरवॉन नदीच्या काठी, आजच्या किलमेरी गावापाशी. १९५६ मध्ये उभारलेली ग्रॅनाइटची शिळा तिथे आहे. ग्विनेद सोडून तो इतक्या दक्षिणेला का आला? सरहद्दीवरचा बलाढ्य सरदार रॉजर मॉर्टिमर २६ ऑक्टोबरला वारला होता आणि त्याच्या मुलखात चलबिचल होती. तिथले वेल्श लोक आपल्याकडे येतील, शिवाय उत्तरेतला दाब थोडा सैल होईल, असा हिशेब दिसतो.

प्रत्यक्ष मृत्यूच्या दोन कथा आहेत. पहिलीत वेल्श सैन्य टेकडीवर आणि एक तुकडी पुलावर. पूल सुटेना म्हणून इंग्लिश सैनिक एका माहितगाराने दाखवलेल्या उतारावरून नदी पार करतात आणि पुलाच्या रक्षकांना मागून गाठतात. ल्हवेलिन मुख्य सैन्यापासून दूर असतो. आवाज ऐकून परतताना स्टीफन डी फ्रँक्टन नावाचा सैनिक त्याला भोसकतो, तेही न ओळखता. दुसऱ्या कथेत मॉर्टिमरच्या मुलांनी त्याला निष्ठेचा बहाणा करून बोलावलेले असते. संध्याकाळी तो थोड्या साथीदारांसह रानात गाठला जातो.

निवाडा करताना कागद किती जवळचा, ते पाहावे. पुलाची कथा रंगतदार आहे, पण ती नंतरच्या इतिवृत्तातली. त्या वेळचे दोन लेख हाताशी आहेत. एक, तिथल्या फौजेचा प्रमुख रॉजर लेस्ट्रेंज याचे राजाला पत्र : ल्हवेलिन मेला, त्याचे सैन्य मोडले, निवडक माणसे पडली. बस, इतकेच. दुसरे, पेकमचे १७ डिसेंबरचे पत्र. त्यात मृताच्या अंगावर सापडलेल्या चिठ्ठीचा आणि छोट्या मुद्रेचा उल्लेख आहे. चिठ्ठीत खोटी नावे घालून मजकूर झाकलेला होता, आणि त्यावरून सरहद्दीवरच्या काही बड्या मंडळींच्या निष्ठेबद्दल पेकमला शंका आली. मरताना ल्हवेलिनने धर्मगुरूची मागणी केली असेही त्याच्या पत्रांतून कळते. जो धर्मगुरूला बोलावण्याइतका वेळ जिवंत असतो, तो ‘न ओळखता’ मारला गेला या कथेत नीट बसत नाही. म्हणून दगाबाजीची कथा आम्हाला अधिक संभवनीय वाटते. सिद्ध झाली असे मात्र म्हणता येणार नाही.

डोके आधी राजाकडे ऱ्हिद्लानला आणि मग लंडनला गेले. आयव्हीच्या वेलीचा मुकुट घालून ते टॉवरवर लावले. धड कूम हीरच्या सिस्टर्शियन पंथाच्या मठात पुरले असे मानतात. इथे एक अडचण होती. ल्हवेलिनला धर्मबहिष्कृत केलेले होते आणि बहिष्कृताला पवित्र जमिनीत पुरता येत नाही. म्हणूनच शेवटच्या क्षणी त्याने धर्मगुरू मागितला की नाही, या चौकशीला पेकमच्या लेखी एवढे महत्त्व होते. आज मठाच्या भिंतींचे काही अवशेष उरले आहेत, थडगे नाही.

प्रश्न : एडवर्डने ‘इंग्रजीचा शब्दही न बोलणारा राजपुत्र’ देतो म्हणत तान्हे मूल लोकांपुढे धरले, ही गोष्ट लेखात का नाही?

कारण ती सोळाव्या शतकातली आहे. एडवर्डचे हे मूल वेल्समधल्या कारनारवॉनला २५ एप्रिल १२८४ ला जन्मले हे खरे. पण तेव्हा त्याचा थोरला भाऊ अल्फॉन्सो जिवंत होता आणि वारस तोच होता. तो ऑगस्टमध्ये वारला. धाकट्याला वेल्सचा प्रिन्स हे पद मिळाले ७ फेब्रुवारी १३०१ ला, वयाच्या सोळाव्या वर्षी. तोवर त्याला बोलता येत होते.

प्रश्न : ल्हवेलिनच्या घरच्यांचे पुढे काय झाले? त्याच्या मुलीची नोंद शोधली, सापडत नाही.

पत्नी एलिनॉर डी माँटफर्ट ही एडवर्डची आतेबहीण. तिला लग्नासाठी येताना समुद्रात पकडून सुमारे तीन वर्षे अडकवून ठेवले होते. लग्न झाले १३ ऑक्टोबर १२७८ ला, वूस्टरला, राजाच्याच उपस्थितीत. १९ जून १२८२ ला बाळंतपणात ती गेली. म्हणजे ल्हांडेलोचा विजय आणि पत्नीचा मृत्यू दोन-तीन दिवसांच्या अंतराने. ल्हवेलिनने युद्धात पूर्ण ताकदीने उतरायचे ठरवले ते यानंतर, असे काहींना वाटते. पुत्राची आशा मावळलेली, मागे हटून राखायचे तरी काय?

दाविदने प्रिन्स हे पद घेऊन लढा सहा महिने चालवला. जानेवारीत डोलविदेलानचा किल्ला पडला, एप्रिलमध्ये कास्तेल-ई-बेरेचा. जून १२८३ मध्ये तो वेल्श माणसांकरवीच पकडला गेला आणि ऑक्टोबरात श्रूझबरीला त्याला अत्यंत क्रूर रीतीने मारले. त्याची दोन्ही मुले ब्रिस्टलच्या किल्ल्यात ठेवली. थोरला, काकाच्याच नावाचा ल्हवेलिन, १२८७ ला वारला. ओवाइनला रात्री लोखंडाने जखडलेल्या लाकडी पिंजऱ्यात ठेवावे असा हुकूम १३०५ चा आहे, आणि १३२५ मध्येही तो कैदेतच होता.

प्रिन्स ल्हवेलिनची मुलगी ग्वेनल्हियान. आईच्या मृत्यूच्या वेळी जन्मलेली, वडील गेले तेव्हा सहा महिन्यांचीही नव्हती. तिला लिंकनशरमधल्या सेंप्रिंगहॅमच्या मठात पाठवले, कारण तिने लग्न केले असते तर तिच्या मुलांना ग्विनेदवर हक्क सांगता आला असता. मठातच ७ जून १३३७ ला ती वारली. नाव सापडत नाही ते लेखनामुळे. इंग्लिश कारकुनांना ‘ल्ह’ ना बोलता येई ना लिहिता. त्यांनी तिला वेंट्लियान, वेंसिलियन अशी कानाला येतील तशी रूपे दिली. तेव्हा शोध नावाने घेऊ नका. सेंप्रिंगहॅम आणि ‘ल्हवेलिनची मुलगी’ या दोन खुणांनी घ्या, वडिलांच्या नावाची इंग्लिश रूपेही सोबत धरा, आणि राज्यवर्षाची बेरीज करायला विसरू नका.